समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण आणि वस्तीच्या भागीदारीतले संशोधन : कोल्हापूरच्या संदर्भात

‘समाजकार्य’ हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी वापरला जातो. जयंतीची वर्गणी, विहाराचे बांधकाम, अॅट्रॉसिटीच्या केसमध्ये पोलीस ठाण्याबाहेर काढलेली रात्र, सीपीआरमध्ये कुणासाठी धावपळ करून मिळवलेले रक्त, हे सगळे समाजकार्य. दुसरे समाजकार्य म्हणजे ‘मास्टर ऑफ सोशल वर्क’, एम.एस.डब्ल्यू., ही दोन वर्षांची, चार सत्रांची पदवी. पहिले करणाऱ्याला पगार नाही. दुसरे शिकणाऱ्याला बऱ्याचदा पहिल्याची ओळखच नसते. आपल्या समाजातील अनेक मुले-मुली आज ही पदवी घेत आहेत, आणि त्यांच्याच वस्त्यांवर दरवर्षी कुणी ना कुणी प्रश्नावली घेऊन येत असते. ही प्रश्नावली कोण तयार करतो, तिची उत्तरे कुठे जातात आणि वस्तीला त्यातून काय मिळते, हे समजून घेण्यासाठी हा लेख आहे.

बाबासाहेबांचे १९३२ चे पत्र

या विषयाची सुरुवात पाठ्यपुस्तकांत बहुधा इंग्लंड-अमेरिकेतल्या धर्मादाय संस्थांपासून होते. आपण ती एका पत्रापासून करू. पुणे करारानंतर अस्पृश्यता निवारणासाठी जो संघ स्थापन झाला (पुढे त्याचेच ‘हरिजन सेवक संघ’ झाले), त्याचे सरचिटणीस अमृतलाल ठक्कर यांना बाबासाहेबांनी १४ नोव्हेंबर १९३२ रोजी एक लांब पत्र लिहिले. तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून लिहिलेले हे पत्र त्यांनी पुढे १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवरील आपल्या ग्रंथात छापले.

पत्रातला मुद्दा सरळ आहे. माणूस दुःखात आहे तो त्याच्या स्वतःच्या दोषामुळे, असे मानले की कामही तसेच ठरते : दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालय, शाळा, म्हणजे त्या माणसाला सुधारण्याचे उपक्रम. आणि माणसाचे नशीब त्याच्या भोवतालची समाजव्यवस्था ठरवते असे मानले, तर काम बदलते. मग सार्वजनिक विहिरी, शाळाप्रवेश, चावडी आणि वाहने यांवरील नागरी हक्कांसाठी गावोगाव मोहीम उघडावी लागते. गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना काम का मिळत नाही, रेल्वेत ते गँगमनच का राहतात आणि हमाल म्हणूनही का घेतले जात नाहीत, हे विचारावे लागते. संघाने दुसरा मार्ग धरावा, असे बाबासाहेबांचे म्हणणे होते. काम करणारी माणसे कुठून घ्यावीत, याविषयीही त्यांनी लिहिले. ज्याला त्या माणसांविषयी ममत्व आहे तोच हे काम मनापासून करील, आणि असे कार्यकर्ते अस्पृश्य वर्गातच मिळण्याचा संभव अधिक, असे त्यांचे मत होते. पण समाजसेवेच्या नावाखाली आपली सोय पाहणारे लोक आपल्यातही आहेत, हे सांगायला ते विसरले नाहीत. या पत्राची साधी पोचही मिळाली नाही, अशी नोंद त्यांनीच करून ठेवली आहे.

आजच्या अभ्यासक्रमातली ‘केसवर्क की समाजबदल’ ही चर्चा विद्यार्थी परदेशी लेखकांच्या नावांनिशी पाठ करतात. ती या पत्रात नव्वद वर्षांपूर्वी आली आहे. एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्या सत्रात हे पत्र वाचायला लावले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाला प्रामाणिकपणे वाटते.

चाळीसगावचा टांगा

दुसरा प्रसंग संशोधनाशी थेट संबंधित आहे. अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने १९२८ मध्ये स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९२९ साली खानदेशातल्या एका गावातील बहिष्काराच्या प्रकरणाची चौकशी करून परतताना ते चाळीसगावला उतरले. तिथल्या महार बांधवांनी त्यांना वस्तीवर नेण्यासाठी टांगा आणला; पण टांगेवाला त्यांना नेणे कमीपणाचे समजून टांगा हाकायला तयार नव्हता. शेवटी टांगा भाड्याने घेऊन वस्तीतल्याच एकाने तो हाकला. त्याला सवय नव्हती. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. टांगेवाल्यांनी नकार दिला होता, हे त्यांना नंतर कळले.

सरकारने नेमलेला सदस्य, बॅरिस्टर, दोन परदेशी विद्यापीठांचा डॉक्टर. आणि ज्या गोष्टीची चौकशी करायला तो निघाला होता ती गोष्ट रस्त्यातच त्याला भेटली. पाहणी करणारा आणि ज्याची पाहणी होते तो, ही दोन वेगळी माणसे असतात असे संशोधनाची पुस्तके गृहीत धरतात. आपल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे गृहीतक पहिल्याच दिवशी मोडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात घरोघर फिरून काळ्या समाजाचा अभ्यास केला आणि १८९९ मध्ये तो ग्रंथरूपाने छापला, तेव्हा त्यांचीही हीच अवस्था होती. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र पाठवून संयुक्त राष्ट्रांकडे न्यायच्या अर्जाची चौकशी केली होती, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल.

पदवी आणि तिची घडण

भारतात समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण १९३६ साली मुंबईत सुरू झाले. नागपाड्यात नेबरहूड हाऊस चालवणारे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट हे ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’चे पहिले संचालक. १९४४ मध्ये या शाळेचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले. त्याच १९३६ मध्ये, त्याच मुंबईत, बाबासाहेबांनी जातिसंस्थेच्या निर्मूलनावरचे न झालेले भाषण स्वतः छापले आणि मे अखेरीस महार परिषद भरवली. दोन्ही घटनांमध्ये काही मैलांचे अंतर होते. अभ्यासक्रमात मात्र त्यांची भेट व्हायला अनेक दशके जावी लागली. पुढे टाटा संस्थेत दलित व आदिवासी अभ्यास आणि कृती या विषयात समाजकार्याची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी सुरू झाली, तेव्हा कुठे जात हा विषय ‘एक सामाजिक समस्या’ या धड्यातून बाहेर आला.

महाराष्ट्रात नंतर मुंबईचे निर्मला निकेतन (१९५५), नागपूरची मातृ सेवा संघाची संस्था (१९५८), पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था (१९६३) अशी साखळी तयार झाली. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये आले आणि १९७६ मध्ये डॉ. ए. डी. शिंदे यांनी छत्रपती शाहूंच्या नावाने ‘सायबर’ संस्था काढली. जिल्ह्यातले आणि सीमाभागातले विद्यार्थी एम.एस.डब्ल्यू.साठी प्रामुख्याने तिथे येतात.

कुठल्याही शाखेचा पदवीधर हा अभ्यासक्रम घेऊ शकतो. वर्गातल्या तासांइतकेच महत्त्व क्षेत्रकार्याला असते. साधारणपणे आठवड्यातले दोन दिवस एखाद्या संस्थेत, रुग्णालयात, गावात किंवा वस्तीत काम करायचे, त्याचा अहवाल लिहायचा, मार्गदर्शकाबरोबर बसून तो तपासायचा. शेवटी सलग काही आठवडे एका ठिकाणी पूर्णवेळ काम आणि एक लघुप्रबंध. विशेषीकरण समुदाय विकास, कुटुंब व बालकल्याण, वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य किंवा मनुष्यबळ व कामगार कल्याण असे असते. कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या औद्योगिक वसाहती असल्याने शेवटच्या शाखेकडे ओढा असणे स्वाभाविक आहे. पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमण्याची तरतूद कारखाने अधिनियमाच्या कलम ४९ मध्ये होती, आणि घरात पहिलाच पदवीधर असलेल्या मुलाने पगाराचा विचार केला तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कुणाला नाही. फक्त एवढेच की, वस्तीवरच्या कामाची शाखा रिकामी राहिली तर वस्तीविषयी लिहिणारे पुन्हा बाहेरचेच असतील.

लघुप्रबंधाची नेहमीची रीत सर्वांना माहीत आहे. विषय मार्गदर्शक सुचवतो, मागच्या वर्षीच्या प्रबंधातली प्रश्नावली थोडी बदलली जाते, पन्नास-शंभर ‘उत्तरदाते’ गाठले जातात, टक्केवारीचे तक्ते होतात, शेवटी ‘शासनाने जनजागृती करावी’ अशी शिफारस येते आणि काळ्या बांधणीतली प्रत ग्रंथालयाच्या कपाटात जाते. ज्यांनी उत्तरे दिली त्यांना ती प्रत कधी दिसत नाही.

भागीदारी म्हणजे काय

लोकसहभाग हा शब्द आता इतका सैल झाला आहे की ग्रामसभेच्या कोऱ्या कागदावर घेतलेल्या सह्याही त्यात बसतात. शेरी अर्नस्टीन या अमेरिकन अभ्यासिकेने १९६९ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या पायरीवर लोकांना फक्त वापरले जाते, मधल्या पायऱ्यांवर माहिती दिली जाते, मत विचारले जाते; निर्णयाचा अधिकार वरच्या पायऱ्यांवरच हाती येतो. वस्तीत येणाऱ्या कुठल्याही पाहणीला ही शिडी लावून बघावी. प्रश्न कुणी ठरवला? पैसा कुणाच्या हातात आहे? निष्कर्ष खोडण्याचा किंवा दुरुस्त करण्याचा अधिकार वस्तीला आहे का? माहिती शेवटी कुणाकडे राहते?

महाराष्ट्रात याची चांगली उदाहरणे आहेत, आणि त्यांतली काही समाजकार्य शिकलेल्या माणसांच्याच हातून घडली. पालघरच्या आदिवासींच्या भूमिसेनेवर १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास लोकांनी स्वतः केलेल्या विश्लेषणाचा दाखला म्हणून जगभर वाचला गेला. मुंबईत नागपाडा नेबरहूड हाऊसमध्ये काम केलेल्या मंडळींनी १९८४ मध्ये ‘स्पार्क’ ही संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी ई वॉर्डातल्या फुटपाथवर राहणाऱ्या सुमारे सहा हजार कुटुंबांची गणना केली. फुटपाथवरून लोकांना हटवण्याचा खटला त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयात गाजला. सरकारी कागदात ही माणसे नव्हतीच. गणनेमुळे ती कागदावर आली.

पुण्याचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या बायांपर्यंत साक्षरतेच्या कामासाठी पोचल्या. या बाया बहुसंख्येने दलित, त्यात बौद्ध आणि मातंग. त्यांच्याशी बोलताना कळले की अक्षरओळखीच्या आधीचा प्रश्न वेगळा आहे : कचऱ्यातली भाजकी वस्तू वेचणारी बाई पोलिसांच्या लेखी चोर असते. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकारात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. या संघटनेच्या महापालिका-मान्य ओळखपत्रांनी बायांना ‘कामगार’ म्हणून तोंड दिले. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी केलेल्या अभ्यासात या कामामुळे महापालिकेचा किती खर्च वाचतो याचा हिशेब मांडला गेला. आपल्या फुकट श्रमांची किंमत आकड्यात दिसल्यावर मागणीची भाषा बदलली. वैद्यकीय विमा मिळाला, आणि पुढे ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेमार्फत घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करारही. इथे विद्यापीठाने प्रश्न घेऊन जाण्याऐवजी प्रश्न ऐकला, आणि दहा वर्षे तिथेच राहिले. दोन वर्षांच्या पदवीत एवढे शक्य नाही हे उघड आहे. पण एका तुकडीचे काम पुढच्या तुकडीने त्याच वस्तीत पुढे न्यायला कुणाची मनाई नाही.

शेजारच्या सांगलीत मीना शेषू यांनी १९९२ मध्ये ‘संग्राम’चे काम सुरू केले आणि १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद स्थापन झाली. २०११ मध्ये रोहिणी साहनी आणि व्ही. कल्याण शंकर यांनी शरीरविक्रय करणाऱ्या महिलांच्या संघटनांच्या मदतीने चौदा राज्यांतल्या तीन हजार महिलांची पाहणी केली. त्यांतल्या अनेकींनी त्याआधी शेतमजुरी, घरकाम, बांधकामावरची मजुरी केलेली होती, हे त्यातून पुढे आले. गडहिंग्लजला १९७५ मध्ये देवदासींची परिषद झाली होती. सीमाभागातल्या या प्रश्नात आपल्याच समाजातल्या स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत, हे आपण फारसे बोलत नाही.

कोल्हापुरात करण्यासारखे

कोल्हापूरला या बाबतीत एक परंपरा आहे. राजर्षी शाहूंनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने बंद केली, पगारी तलाठी नेमले आणि त्या जागांवर अस्पृश्य समाजातले शिकलेले तरुणही घेतले. गावाची दप्तरे आपल्या माणसाच्या हाती जाणे म्हणजे काय, हे ज्यांच्या जमिनी दप्तरातून गायब झाल्या त्यांना विचारावे. मार्च १९२० च्या माणगाव परिषदेचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडे होते, शाहू महाराज स्वतः आले होते, आणि तलाठ्याच्या जागांचा विषय तिथल्या ठरावांतही होता. शंभर वर्षांनी लघुप्रबंधाचा विषय निवडताना इथूनच सुरुवात करता येते.

महार वतनाच्या जमिनी हा असाच विषय. कोल्हापूर संस्थानात महार वतन १९१८ मध्ये रद्द होऊन जमिनी रयतावा झाल्या. ब्रिटिश मुलखात बाबासाहेबांनी १९२८ पासून विधिमंडळात झगडूनही हे व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. म्हणजे कोल्हापूरच्या वस्त्यांना चाळीस वर्षांची आघाडी मिळाली होती. ती जमीन आज कुणाच्या नावावर आहे? एका गावाचे फेरफार, सातबारा आणि वस्तीतल्या वृद्धांच्या आठवणी एकत्र ठेवल्या तरी मोठे काम होईल. जुन्या नोंदी मोडीत आहेत. कोल्हापूरच्या पुरालेखागारात बसायचे तर मोडी शिकावी लागेल. वस्तीतल्या दोन मुलांनी मोडी शिकणे हेसुद्धा या संशोधनाचे फळच.

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा १५ टक्के भाग मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायचा असतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाचा निधी वेगळा. माहिती अधिकारात पाच वर्षांचा हिशेब मागवून तो वस्तीतल्या बायांसमोर ओळीने वाचला, तर गटार कुठे आहे आणि कागदावर कुठे आहे हे तासाभरात कळेल. अत्याचार प्रतिबंधक नियमांच्या नियम १७ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. तिची इतिवृत्ते हाही अभ्यासाचा ऐवज आहे. आणि पूर. २००५, २०१९, २०२१ असे तीन मोठे पूर पंचगंगा-कृष्णेच्या काठाने पाहिले. शिरोळ, हातकणंगले, करवीरमधल्या नदीकाठच्या वस्त्यांत पाणी किती दिवस राहिले, पंचनामा कुणाच्या घराचा झाला, भाड्याने किंवा नावावर नसलेल्या जागेत राहणाऱ्याला काय मिळाले, याची घरवार नोंद वस्तीनेच ठेवली तर पुढच्या पुराच्या वेळी हात रिकामे राहणार नाहीत.

प्रश्नावलीतला एक रकाना मात्र आधी दुरुस्त करावा. अनेक पाहण्यांत धर्माच्या यादीत बौद्ध हा पर्याय नसतो. माणूस ‘इतर’मध्ये जातो, किंवा जात ऐकून धर्म गृहीत धरला जातो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांवर बौद्ध नोंदले गेले. नवबौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, त्यामुळे धर्म आणि जात-प्रमाणपत्रावरची नोंद या दोन वेगळ्या बाबी आहेत. त्या दोन वेगळ्या प्रश्नांत विचाराव्यात, आणि माणूस स्वतःला काय म्हणवतो हा तिसरा प्रश्न ठेवावा. २०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद होणार असल्याने ही सवय आतापासून उपयोगी पडेल.

अडचणी, आपल्या बाजूच्याही

बाहेरच्या संशोधकाला दोष देणे सोपे आहे. वस्ती भागीदार झाली की पहिला प्रश्न येतो, वस्ती म्हणजे कोण? विहार समिती, तरुण मंडळ, की पक्षाचा स्थानिक पदाधिकारी? या तिन्ही ठिकाणी बहुधा पुरुषच असतात. घरातली मारहाण, दारू, मुलींची शाळा सुटणे यावर पाहणी निघाली की ‘समाजाची बदनामी नको’ असा सूर निघतो. शेजारच्या मातंग किंवा चर्मकार आळीला आपण भागीदार मानतो का, हाही प्रश्न आहे. भागीदारीच्या नावाखाली निष्कर्ष मऊ करून घेणारी समिती आणि कपाटात जाणारा प्रबंध, दोन्हींचा परिणाम सारखाच. म्हणून सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्यावे की चूक दाखवून देण्याचा अधिकार वस्तीला आहे, पण खरी गोष्ट वगळायला लावण्याचा नाही. बायांची बैठक वेगळी घ्यावी.

गोपनीयतेचे पुस्तकी उपाय वस्तीत अपुरे पडतात. चाळीस घरांच्या आळीत नाव बदलले तरी ‘पती वारलेली, अंगणवाडीत काम करणारी, दोन मुली’ एवढ्यावरून सगळ्यांना कळते ती कोण. अत्याचाराच्या प्रकरणात तर फिर्यादीला पुढे त्याच गावात राहायचे असते. आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी मुंबईत ‘सेहत’च्या पुढाकाराने २००० साली नैतिक मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली, वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची तत्त्वेही आहेत, ती वाचावीत. त्यापलीकडे, जे छापल्याने कुणाला त्रास होईल ते छापू नये, आणि संमती एकदा सही घेऊन संपत नाही, छापण्याआधी पुन्हा विचारावी.

पैशाचेही बोलले पाहिजे. वस्तीतली मुलगी पंधरा दिवस घरोघर फिरून नोंदी घेते, तर तिची त्या दिवसांची मजुरी कोण देणार? ‘समाजासाठी’ म्हणून तिला फुकट राबवायचे आणि पदवी मात्र दुसऱ्याने घ्यायची, हे बरोबर नाही. प्रबंधात तिचे नाव, तिची इच्छा असेल तर, आभारांत न टाकता माहिती संकलक म्हणून यावे.

विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खर्चासाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून मिळते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पीएच.डी.कडे जाणाऱ्यांसाठी पुण्याच्या बार्टीची अधिछात्रवृत्ती, आणि परदेशात समाजकार्य शिकायचे असेल तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, ज्यात दरवर्षी ७५ विद्यार्थी निवडले जातात. जातवैधतेची कागदपत्रे प्रवेशाच्या आधीच हातात असू द्यावीत. बरीच मुले तिथेच अडकतात.

वेळेचा मेळ कसा घालायचा हे मार्गदर्शकाशी बोलून ठरवावे, पण एक सूचना. महाविद्यालयाचे सत्र आणि वर्षावास साधारण एकाच वेळी येतात. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन असते, आणि समोर बसलेल्यांत बाया अधिक असतात. प्रश्न ठरवायची पहिली बैठक या काळात वाचन संपल्यावर घेता येते. माहिती गोळा झाल्यावर, पुढच्या वर्षीच्या वर्षावासात, तक्ते त्याच ठिकाणी मराठीत वाचून दाखवावेत. कुणी तरी उठून ‘हा आकडा चुकलाय, आमच्या आळीतली चार घरं धरलीच नाहीत’ असे म्हणेल. ती चार घरे दुसऱ्या दिवशी जाऊन लिहून घ्यावीत, आणि मगच प्रबंध बांधायला द्यावा.